म्हैस फक्त माझं ऐकायची

लग्न होऊन मी ज्या गावात आले, त्या गावाला खेडं म्हटलेलं खपत नसे. कोल्हापुरातून राधानगरीच्या वाटेला एसटीनं तासाभराचं अंतर, दोन्ही अंगांना ऊस, पलीकडे नदी. पण गावाच्या मते ते शहरच. पुरावा मागितला की बोटांवर मोजून सांगत : आठवड्याचा बाजार, जनावरांचा दवाखाना, दोन हॉटेलं आणि एका बाजूनं छप्पर असलेला एसटी स्टँड. दुसऱ्या बाजूचं छप्पर वादळात उडालं होतं आणि ते शेजारच्या गावानं पळवलं, अशी समस्त गावाची खात्री होती.

मी एसटीतून उतरले तेव्हा एका मिशाळ माणसानं विचारलं, "पावणं, कुणाकडं?" मी सांगितलं. त्यानं माझी ट्रंक न विचारता डोक्यावर घेतली आणि घरापर्यंतच्या रस्त्यात जो भेटेल त्याला ओरडून सांगितलं, "मास्तरांची बाई आली बगा! कोल्लापूरच्या पेटंतली हाय!" आपलं आगमन इतक्या जाहीरपणे व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. मी पदर नाकापर्यंत ओढला. तेव्हा मला माहीत नव्हतं की याच गावात मी पुढे काय तमाशा करणार आहे.

गावाला इतिहास होता, पण तो सनावळीत नव्हता. कुणाला विचारलं, तुमचं लग्न कधी झालं, तर उत्तर यायचं, "आमची म्हस देवळाची पायरी मोडून वर गेली न्हवं, त्याच्या फुडल्या साली." आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. वर्गाला गावाचा इतिहास शिकवायचा म्हणून त्यांनी एकदा वही घालून म्हशींची सालं आणि कॅलेंडरातली सालं जुळवायचा प्रयत्न केला. चार पानांनंतर एक म्हातारा स्वतःच्या वडिलांच्या आधी जन्मलेला निघाला, तेव्हा वही बंद झाली.

ही सगळी सालं सगराची. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात, त्याला सगर म्हणायचं. म्हैस भादरायची, तेल लावून आरशासारखी करायची, शिंगं रंगवायची, मोरपिसं खोचायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. मग मालकानं पुढे पळत हाक मारायची आणि म्हशीनं दाव्याशिवाय, नुसत्या हाकेवर, चावडीपासून देवळापर्यंत त्याच्यामागे पळत यायचं. बक्षीस नाही, परीक्षक नाही. निकाल गाव लावतं आणि तो पुढे वर्षभर लावत राहतं.

पूर्वी माणसं खांद्यावर घोंगडं टाकून म्हशीपुढे धावत, असं म्हातारे सांगायचे. मग गावात पहिली सायकल आली. तिचा मालक सायकलवरून सुटला तो देवळापाशी ब्रेक लागेना म्हणून थेट गाभाऱ्याच्या दारात. म्हैस शहाणी, ती बाहेर थांबली. पुढे उसाला पाणी आलं, पाण्यासाठी इंजिनं आली आणि इंजिनांमागोमाग फटफट्या. मी आले तेव्हा सायलेन्सर काढलेल्या फटफटीमागे म्हैस पळवायची चाल पडली होती. मला विचाराल तर गावाचा इतिहास एवढाच. म्हशीपुढे पळणारं बदलत गेलं, म्हैस होती तीच राहिली.

मला या गावात राहायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. गाव वाईट म्हणून नव्हे. कोल्हापुरात माझी आई एकटी होती. वडील गेलेले, मी एकुलती एक आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. चहात साखरेऐवजी मीठ घालायची, तो चहा प्यायची आणि म्हणायची, "हल्लीच्या साखरेत काही राम राहिला नाही." मी महिन्यातून एकदा जायची, डबे पुसून त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत नावं लिहून यायची. पुढच्या वेळी ती म्हणायची, अक्षरं छान आहेत गं, पण वाचतंय कोण? परतताना एसटीत मी डोळे पुसत असे. मला कोल्हापुरात बदली हवी होती, बाकी काही नको होतं.

यांना मात्र गावाचं वेड लागलेलं. पाच वर्षं राहूनही लोक यांना 'पावणं' म्हणत, याचं यांना फार वाईट वाटे. गावचं व्हायचं तर म्हैस पाहिजे, असा सल्ला हॉटेलात कुणीतरी दिला आणि एका बाजारच्या दिवशी हे भाजीऐवजी म्हैस घेऊन आले.

"दूध घरचं होईल," हे म्हणाले.

"आणि शेणघाण कुणाची होईल?" मी विचारलं. त्यावर यांना एकदम शाळेत काम निघालं.

म्हैस देखणी होती, पण वागायला अगदी जहांबाज. पहिल्या दिवशी यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवत शुद्ध मराठीत विनंती केली, "दूध दे बरं, बाळ." तिनं बादली लाथाडली. दुसऱ्या दिवशी बादली आणि मास्तर दोन्ही. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी लुगडं खोचलं, तिच्या कानाशी गेले आणि ओरडले, "अगं सटवे, भवाने, गुमान उभी राहतीस का घालू पाठीत?" म्हशीनं कान टवकारले, माझ्याकडे प्रेमानं पाहिलं आणि पान्हा सोडला.

त्या दिवसापासून ती माझी झाली. मी ओरडले नाही तर ती धार देत नसे. जितका आवाज मोठा तितकं दूध जास्त. माहेरी मला कुणी मोठ्यानं बोललेलं ऐकलं नव्हतं. इथे मात्र रोज सकाळी साडेपाचला माझा आवाज ऐकून अर्धी आळी उठायची.

शेजारी चाचा आणि चाची राहायचे. चाचा पिढीजात नालबंद, बैलांच्या खुरांना नाल मारायचे. ऊस वाढला तशी इंजिनं दुरुस्त करायलाही शिकले होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. कमी बोलायचं कारण चाची. ती अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी आणि हसायला लागली की तिच्या परसातल्या कोंबड्या उडायच्या. माझ्या शिव्या ऐकून ती भिंतीपलीकडून म्हणायची, "पोरी, सटवी आन् भवानी दोनच? रोज त्याच त्याच ऐकून म्हस कंटाळंल की!" आणि मला नवीन शिकवायची. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

म्हैस आल्यावरच्या दुसऱ्या दिवाळीच्या आधी यांनी हॉटेलात जाहीर करून टाकलं की यंदा आमची म्हैस सगरात पळणार. मी घरी भांडले. बदलीच्या अर्जाचं काय, ते आधी सांगा. हे म्हणाले, "एकदा सगर होऊ दे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज लिहितो. शपथ." मी म्हटलं, आणि नाही पळाली तर? हे गंभीर झाले. "मग पुढच्या वर्षी. म्हैस न पळवता गाव सोडलं, तर लोक जन्मभर म्हणतील, मास्तर भिऊन पळाला."

म्हणजे माझं कोल्हापूर, माझ्या आईचे डोळे, सगळं त्या म्हशीच्या चार पायांवर आलं.

सराव सुरू झाला. चाचांनी दुरुस्तीला आलेल्या सामानातून एक जुनी फटफटी उभी केली होती. तिच्यावर पुढे चाचा, मागे हे. नदीच्या रस्त्याला फटफटी निघायची आणि हे मागे वळून हाक मारायचे, "ये, ये बरं, ये!" म्हैस जागेवर उभी राहून रवंथ करायची. पंधरा दिवस झाले. यांचा घसा बसला, शाळेतली पोरं बाकं वाजवून "ये बरं, ये" म्हणायला लागली, पण म्हैस काही हलली नाही.

एका संध्याकाळी हे चष्मा विसरून गेले म्हणून मी तो द्यायला नदीकडे गेले. पाहते तर हे दोघं फटफटीवर हताश बसलेले आणि म्हैस सरपंचांच्या उसात तोंड घालून उभी. सरपंच दुरून लाठी घेऊन येताना दिसत होते. मी घाबरून ओरडले, "अगं भवाने, बाहेर ये की!" तर ती उसातून जी सुटली ती थेट माझ्या अंगावर. मी पळाले. पळताना भीतीनं आणखी ओरडले, तशी ती आणखी जोरात. गावात शिरले तेव्हा मी पुढे, म्हैस मागे, म्हशीमागे फटफटी आणि फटफटीमागे लाठी घेतलेले सरपंच. दुसऱ्या दिवशी मी पाणी आणायला बाहेर पडले नाही.

पण गुपित फुटलं होतं. म्हशीपुढे फटफटीवर मी बसले तरच म्हैस पळणार. मी स्वच्छ नाही म्हटलं. हे शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मग पुढच्या वर्षी बघू." असा राग आला म्हणता! रात्री आईला पत्र लिहायला बसले, शेजारीण तिला ती वाचून दाखवायची, पण 'आणखी एक वर्ष थांब' एवढं काही लिहवेना. सकाळी म्हटलं, "बसते."

आता प्रश्न आला गावाचा. देवळापुढे बैठक भरली. सगरात बाईमाणूस? असं कधी झालं नव्हतं. सरपंच माझ्याविरुद्ध होते, उसाचा राग होताच. तासभर कालवा झाला. शेवटी कोपऱ्यातला एक म्हातारा उठला. "आरं, म्हसबी बाईच हाय की! एक बाई पुढं, एक मागं. तुमच्या बापाचं काय जातंय?" यावर आख्खी बैठक हसली आणि परवानगी मिळाली.

राहिली फटफटी. परपुरुषामागे बसायचं कसं? हे चालवायला शिकू म्हणाले, तर चाचांनी फटफटीची किल्लीच खिशात घातली. तोड चाचीनं काढली. पुढे चाचा, मध्ये चाची, मागे मी. तेही पाठीला पाठ लावून, तोंड म्हशीकडे. चाचीला मध्ये बसवल्यावर मागे जेमतेम वीतभर जागा उरली. तिथं मला सुतळीनं चाचीच्या कमरेशी बांधण्यात आलं.

पाडव्याच्या दुपारी चावडीपुढे मुंगीला पाऊल ठेवायला जागा नव्हती. म्हशी सजलेल्या, फटाके उडताहेत, सायलेन्सर नसलेल्या फटफट्या कान किटवताहेत. आमची पाळी शेवटची. हे म्हशीजवळ नवा फेटा बांधून उभे, तोंड पांढरंफटक. चाचांनी फटफटी सोडली. मी हाक मारली. पण एवढ्या लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द निघाला तो हळदीकुंकवाला बोलावल्यासारखा. "ये हं... ये गं..." म्हैस उभीच. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "बाई, म्हशीला चिठ्ठी पाठवा!"

चाचीनं मागे हात घालून मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "बोल की घरच्यावानी! आई दिसती का न्हाय डोळ्याफुडं?"

दिसली. मिठाचा चहा पिणारी आई दिसली आणि माझा आवाज फुटला. सटवीपासून सुरुवात केली आणि चाचीनं शिकवलेलं जेवढं होतं तेवढं सगळं बाहेर काढलं. म्हशीनं मान वर केली, शेपूट उडवली आणि निघाली. काय निघाली! चाळ वाजताहेत, माती उडतेय, माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर तिचं तोंड. देऊळ आलं. लोकांनी गुलाल उधळला. आता थांबायचं होतं.

पण मला भीती वाटली, की चाचा एकदम थांबले तर म्हैस आमच्यावर चढेल. म्हणून मी किंचाळले, "चाचा, थांबू नका!" म्हैस आणखी जोरात आली. मग मी म्हशीला म्हटलं, थांब गं! ती त्याहून जोरात. शब्दांशी तिला काही देणंघेणंच नव्हतं, तिला फक्त माझा आवाज कळायचा. आवाज आला की पळायचं. मी थांब म्हणायचे, ती पळायची. ती पळायची म्हणून मी ओरडायचे. देऊळ मागे पडलं, एसटी स्टँड गेला, एक एसटी आम्हाला बाजू देण्यासाठी रस्त्याखाली उतरली. नदीपाशी माझा घसा पार बसला, आवाज निघेना, तेव्हा म्हैस थांबली आणि सावकाश पाण्यात जाऊन बसली. चाची एवढी हसत होती की तिच्याबरोबर मीही हलत होते, सुतळी होती ना.

पुढे तीन दिवस माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. हे दिवस आपल्या संसारातले सर्वांत सुखाचे होते, असं यांनी पुढे अनेकांना सांगितलं आहे. पण शपथ पाळली. दुसऱ्याच दिवशी, सुंदर अक्षरात, बदलीचा अर्ज लिहिला. यांना कुणी पावणं म्हणेनासं झालं, ही गोष्ट खरी. आता लोक म्हणायचे, "त्या म्हशीवाल्या बाईचं मालक." यांना तेवढ्यातही आनंद झाला.

शाळेचं वर्ष संपता संपता हुकूम आला. कोल्हापूर. मी तो तीनदा वाचला. संध्याकाळी सरपंच दारात. म्हणाले, "बाई, काळजी करू नका. वर वळख हाय. बदली रद्द करून आणतो." मी हात जोडले. आईबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "मग आईला आणा की हितं. डोळं न्हाईत तर काय झालं, गाव ऐकायला तर येतंय." मी हसले, आणि त्यांना चहा देऊन आत गेले तेव्हा रडले. सुटका व्हावी म्हणून ज्या गावात दिवस मोजले, त्या गावानं राहा म्हणावं, याला काय करायचं.

आईच्या दोन खोल्या माडीवर होत्या, म्हैस काही जिना चढणार नव्हती. ती चाचीकडे द्यायची ठरली. अडचण एकच, माझ्या आवाजाशिवाय ती दूध देणार नाही. मग महिनाभर चाची माझा आवाज शिकली. सकाळी मी धार काढायला बसायची आणि चाची माझ्या शेजारी. मी ओरडले की ती ओरडायची. "तसं न्हवं," मीच तिला सांगायची, "'भवाने'चा शेवट जरा ओढ." जी बाई मला शिव्या शिकवत होती तिलाच मी शिव्या शिकवत होते. चाचा कपाळाला हात लावून बाहेर जाऊन बसायचे. महिनाभरात चाचीला आवाज जमला, पण म्हैस तिच्याकडे बघायचीही नाही. मला याची काळजी वाटायची असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

निघायच्या दिवशी सामानासाठी उसाचा ट्रक आला. लोणच्याच्या बरण्या फुटू नयेत म्हणून मी मागे सामानात बसले, हे माझ्याजवळ. म्हशीला सकाळीच चाचीच्या परसात नेऊन बांधलं होतं. मी तिच्याकडे गेले नाही, धीर झाला नाही. ट्रक सुरू झाला. आळीतल्या बाया हात हलवत होत्या. मला राहवलं नाही, मी मोठ्यानं म्हटलं, "चाची, येते गं!"

परसात खुंटा उपटल्याचा आवाज झाला. दावं ओढत ती रस्त्यावर आली आणि ट्रकच्या मागे पळायला लागली.

"अगं, जा माघारी!" मी ओरडले. ती जोरात आली. "जा म्हणते ना, सटवे, जा!" आणखी जोरात. चाळ नाहीत, मोरपिसं नाहीत, नुसती ती. एसटी स्टँड मागे गेला. पुढे मोठा रस्ता होता, गाड्यांचा.

यांनी माझा हात धरला. "तू बोलू नकोस," हे म्हणाले. लग्न झाल्यापासून हे मला एवढंच सांगत आले होते. मी पहिल्यांदा ऐकलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला. तरी ती पळत होती, पहिल्यांदाच माझ्या आवाजाशिवाय. तिचे डोळे माझ्यावर आणि मी तिच्यापुढे तोंड बांधून बसलेली.

तेवढ्यात मागून हाक आली. "अगं भवानेऽऽऽ!" शेवट बरोबर ओढलेला. चाची रस्त्याच्या मधोमध धापा टाकत उभी होती. आवाज हुबेहूब माझा. मलाही क्षणभर वाटलं, मीच ओरडले.

म्हैस थांबली. एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा मागे. मग वळली आणि पळत चाचीकडे गेली.

वळावी म्हणून मीच तर महिनाभर खपले होते. वळली, आणि मला त्या म्हशीचा इतका राग आला की मी हुंदके देऊन रडायला लागले.

"बरं झालं, वळली," हे म्हणाले.

कोल्हापूर येईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.